आपट्याला आठ दिवस

माझे बाबा, सूर्यकांत सबनीस, केंद्र सरकारात कारकून. पाखरू दिसलं की तारीख, वेळ वहीत लिहून खाली सही ठोकायचे. आई म्हणायची, "एक दिवस कावळ्यालाही जावक क्रमांक देतील."

फरीदाबादच्या मराठी मंडळातल्या चाळीस घरांना दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं लागत. इथल्या बाजारात आपटा कुठला मिळायला! गावामागच्या डोंगरात बाबांना एक झाड सापडलं होतं. बारा वर्षांत ते रिकाम्या हाताने कधी परतले नव्हते.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला मीही गेले. गवतावर कोळ्यांची जाळी दवाने भरली होती. हवेत चतुर तर इतके, की मोजायची सोय नाही, आणि त्यांच्यामागे वेडे राघू गिरक्या घेत होते. तारेवर नीलकंठ होता. बाबा वही उघडी टाकून नुसते बघत राहिले.

आपट्याभोवती मात्र चुन्याची रेघ मारलेली. नव्या कॉलनीचा रस्ता तिथून जाणार, दिवाळी झाली की झाड तोडणार, असं चौकीदाराने सांगितलं.

बाबांनी फांदी वाकवली आणि थबकले. पानामागे हिरवा कोष होता. शेजारच्या पानामागे दुसरा. नजर सरावली तसे झाडभर कोषच कोष दिसायला लागले. एक उकलत होता. आतून काहीतरी चुरगळलेलं बाहेर आलं, लोंबकळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे पंख पसरत गेले. खोटं कशाला बोलू, देवळातही माझे हात असे आपोआप जुळले नव्हते.

जरा वेळाने मी म्हणाले, "बाबा, झाड तर जाणारच आहे. पानं तोडली तर काय फरक पडतो, यार?"

"दिवाळीला वीस दिवस आहेत. यांना आठ पुरेत."

कात्री पिशवीत गेली.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष तात्याराव सगळ्यांसमोर कडाडले. "चाळीस घरं खोळंबलीत, सूर्यकांत! आणि तुम्ही अळ्यांचं कौतुक सांगता?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यात कुणाला उलट बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "पुढच्या आठवड्यात रविवारी डोंगरावर या. बघा. मग हवं ते बोला."

रविवारी तात्याराव एकटेच आले, तेही खोट काढायला. झाडावर कोष उकलून फुलपाखरं बाहेर येत होती. त्यातलं एक फांदीवरून निसटलं. बाबांनी ते अलगद उचलून तात्यारावांच्या बोटावर ठेवलं.

"पंख वाळेपर्यंत हलू नका."

तात्याराव हलले नाहीत. खांदा भरून आला, टोपी घसरली, उन्हाने घाम निथळायला लागला, तरी हात तसाच वर. तब्बल अर्ध्या तासाने फुलपाखराने पंख मिटले, उघडले आणि ते डोंगराकडे उडालं. तात्याराव कितीतरी वेळ तिकडेच बघत होते. डोळे ओले झाले होते त्यांचे.

मग ते म्हणाले, "नोंद केलीत ना?"

बाबांनी वही पुढे केली. बाबांच्या सहीखाली तात्यारावांनी आपली सही केली.