सोळा अटींचं झाड

आमच्या घरासमोर आता झाड नाही. कपडे वाळत घालायची दोरी आहे आणि ऊन भरपूर. लखनौच्या वृंदावन योजनेत इतकी मोकळी जागा कुणी रिकामी ठेवत नाही, म्हणून येणारे-जाणारे विचारतात, एखादं झाड का नाही लावत? मी सांगते, लावलं होतं, तज्ज्ञाला विचारून लावलं होतं. समजूतदार माणूस तेवढ्यावर विषय बदलतो.

लावलं तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्नची. आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरून मागे पाहिलं की अठ्ठावन्नची बाई मला फारच पोरकट दिसते. तिला वाटायचं, कागदावर नीट लिहून दिलं की जग तसंच वागतं.

हा दोष अर्धा मानक नगरचा. आमच्या ह्यांची नोकरी रेल्वेच्या संशोधनातली, आणि तिथल्या क्वार्टरमध्ये आमची सव्वीस वर्षं गेली. तिथले पुरुष दिवसभर कुठला बोल्ट किती ताण सोसेल ते लिहून काढायचे, आणि ती सवय संध्याकाळी घरी यायची. बायकांनाही लागायची. आमच्या कॉलनीतल्या मराठी बायका दिवाळीच्या चकलीच्या काट्यांवर चर्चा करत, ती कुणी ऐकली असती तर निविदा निघतेय असं वाटलं असतं. मी तर पापड लाटणाऱ्या बाईला जाडी लिहून दिली होती. तिला वाचता येत नाही, हे नंतर कळलं.

तर निवृत्तीनंतर इथे घर बांधलं आणि मी झाडाच्या अटी लिहिल्या. सोळा. बारा महिने हिरवं असावं. पानगळ नको. फळ नको, कारण फळ आलं की माकडं येतात. मुळं पाण्याच्या टाकीकडे जाऊ नयेत. लवकर वाढावं. सरळ वाढावं. गाई-बकऱ्यांनी तोंड लावू नये. अशा. हे म्हणाले, "अगं, आंबा लाव, नाहीतर कडुनिंब लाव. त्याला अटी कसल्या?"

"तुम्ही इंजिनाला लिहिता तशाच," मी म्हटलं.

यादी घेऊन मी तेलीबागेतल्या एका बागसल्लागाराकडे गेले. तो साधा माळी नव्हता. त्याच्याकडे शेतीची पदवी होती, भिंतीवर फ्रेम होती, आणि मोजपट्टी गळ्यात घालून तो घरी पाहणीला आला. वय तिशीचं, बोलणं अस्सल लखनौचं. माझी यादी त्याने दोन्ही हातांनी घेतली, जणू आमंत्रणपत्रिका. वाचून म्हणाला, "माताजी, इतनी साफ़ फ़रमाइश आज तक किसी ने नहीं दी. आपके लिए एक ही पेड़ है." आणि त्याने एक लॅटिन नाव सांगितलं.

लॅटिन नाव ऐकून मी भारावले. रोप आलं, खड्डा झाला, झाड लागलं. दोन वर्षांत पहिल्या मजल्याला टेकलं. एकेका देठाला सात-सात पानं, छत्रीसारखी गोल पसरलेली. मी येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचे आणि लॅटिन नाव सांगायचे. चिपळूणला दिलेली धाकटी बहीण एकदा फोटो बघून म्हणाली, "ताई, ही तर सातवीण. रानात असते ती. दारात कोण लावतं?" मी तिला सांगितलं, की तज्ज्ञाने निवडलंय, तू नको शिकवू.

पाच पावसाळे सुखाचे गेले. सहाव्या वर्षी ऑक्टोबरात फुलं आली.

फूल दिसायला काहीच नाही, हिरवट पांढरे झुबके. पण सूर्य कलला की वास सुटायचा. सुरुवातीला गोड वाटायचा. मग कुणीतरी अत्तराची अख्खी बाटली गालिच्यावर सांडून दार लावून निघून गेल्यासारखा. अंगणात, जिन्यात, डाळीच्या डब्यातसुद्धा. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी त्यांच्या पद्धतीने तक्रार केली. "भाभीजी, ख़ुशबू तो माशाअल्लाह बहुत है. बस ज़रा कम होती तो और अच्छी लगती."

मला नुसतं डोकं दुखायचं. ह्यांच्या छातीत मात्र तो वास जाऊन बसला. ह्यांना दम्याचा थोडा त्रास तरुणपणापासून होता, पण तो थंडीतला. आता संध्याकाळ झाली की खिडक्या बंद, पंप हातात, आणि पलंगाच्या कडेला दोन्ही तळवे टेकून बसलेले. डॉक्टरांनी तपासलं, घरासमोर काय आहे ते विचारलं, आणि म्हणाले, "या तो पेड़ हटवाइए, या इन्हें हटाइए."

सरळ गोष्ट होती. परवानगीचा अर्ज करायचा, झाड काढायचं. आमची नात तेव्हा आमच्याकडे राहून कॉलेजला जायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. ती म्हणाली, "आजी, कटवा दो ना. इसमें सोचना क्या है?"

पण आजीला न्याय हवा होता. पदवीधर माणसाने पाहणी करून, मोजपट्टी लावून सुचवलेलं झाड. त्याने यावं, चूक झाली असं लेखी द्यावं आणि झाड स्वतःच्या हाताने काढावं. मी एका वकिलाला गाठलं आणि सल्लागाराला नोटीस धाडली. निघताना वकील सहज म्हणाले, "और हाँ माताजी, सबूत मत मिटाइएगा."

ते बोलून विसरले असतील. मी विसरले नाही. त्या दिवसापासून झाड हे झाड राहिलं नाही, पुरावा झालं. नातीने परवानगीचा अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला, तो मी पोथीखाली ठेवून दिला. वीज मंडळाची माणसं तारांवरच्या फांद्या छाटायला आली, तर मी फाटकात उभी राहून त्यांना सांगितलं, मामला सुरू आहे. पुराव्याला मी पाणीही घालायचे, हे आता सांगायला लाज वाटते.

सल्लागाराचं उत्तर आलं. "आदरणीया माताजी, सादर प्रणाम. पत्र पढ़कर मन दुखी हुआ." पुढे दीड पान मन दुखी, आणि चुकीचा उल्लेखच नाही. मी दुसरं पत्र लिहिलं, जरा तिखट. त्याचं उत्तर आणखी गोड. माणूस भांडतच नाही म्हटल्यावर भांडायचं कसं, हे आम्हा मिरजेच्या लोकांना कुणी शिकवलेलं नाही. हिवाळाभर हे चाललं. शेवटी मे महिन्यात त्याने लिहिलं, की आपण दोघांनी मिळून झाडाची पाहणी करू, जे दिसेल ते लिहू आणि दोघं सही करू.

संयुक्त पाहणी! मानक नगरच्या बाईला याहून पवित्र काही नसतं. पण मे महिन्यात फुलं कुठली? मी कळवलं, फुलांशिवाय पाहणी म्हणजे गाडी उभी असताना ब्रेकची चाचणी. पाहणी ऑक्टोबरात. हे वाक्य लिहून मी इतकी खूश झाले, की ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे आणखी एक ऑक्टोबर?"

"एकच तर," मी म्हटलं.

सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबांना महिनाभर इकडे पाठव. तिकीट काढलंय." ह्यांनी बॅगसुद्धा भरली. स्वेटर, पंप, शब्दकोड्यांचं पुस्तक. ती बॅग मी रिकामी केली. कारण पाहणीच्या दिवशी त्रास कुणाला होतो, हे दाखवायला त्रास होणारा माणूस हजर नको का? झाड पुरावा नंबर एक, नवरा पुरावा नंबर दोन. मुलगा फोनवर ओरडला, "आई, तुला कळतंय का काय करतेयस?" मी त्याला सांगितलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ह्यांनी शब्दकोड्यांचं पुस्तक उशाशी ठेवलं.

पाहणी ठरली त्या दिवशी सल्लागार पाच वाजता आला. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मी ह्यांना शाल पांघरून मधल्या खुर्चीत बसवलं होतं. त्याने वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला. माझ्या अक्षरातला. हिंदीत लिहिलेल्या सोळा अटी.

"माताजी, एक-एक करके मिला लें?"

ताडून पाहिल्या. हिरवं आहे? आहे. फळ, माकड? नाही. मुळं टाकीकडे? नाहीत. सरळ आहे, उंच आहे, बकरीने तोंड लावलेलं नाही. प्रत्येक अटीपुढे तो हलकेच बरोबरची खूण करत होता. मग अट अकरावी. त्याने ती वाचली नाही, नुसता कागद माझ्याकडे वळवला. "फूल सुगंधित हो तो अति उत्तम."

माझंच अक्षर. 'अति'खाली रेघही माझीच.

तोपर्यंत ऊन उतरलं होतं आणि वास उठायला लागला होता. मी शेवटचा आधार शोधावा तशी ह्यांच्याकडे वळले. "अहो, सांगा ना त्याला, संध्याकाळी काय होतं ते."

हे बोलायला लागले. "शाम को... मुझे..." तिथेच अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा दोन शब्दांवर धाप. मान पुढे, खांदे वर, शाल घसरलेली. खिशातला पंप काढायला हात जाईना. मी कागद हातात धरून बघत उभी, कारण मला ते वाक्य पूर्ण व्हायला हवं होतं. सल्लागाराने फोल्डर खाली टाकलं. ह्यांच्या खिशातून पंप काढून हातात दिला, काखेत हात घालून त्यांना उठवलं, आत नेलं, आणि घर ओळखीचं नसतानाही दाराखिडक्या लावत सुटला. नातीने पंखा लावला. वीस मिनिटांनी ह्यांचा श्वास जागेवर आला.

मग तो माझ्यासमोर बसला. पहिल्यांदाच प्रणाम-बिणाम नव्हता. "माताजी, पिछले साल भी यही हाल था?"

"हाँ."

"तो चिट्ठी क्यों लिखती रहीं? बुला लेतीं. मैं उसी हफ़्ते अर्ज़ी देकर कटवा देता."

त्याने कागद ओढला आणि लिहिलं. अटी सगळ्या पूर्ण आहेत, तरी घराच्या इतक्या जवळ हे झाड सुचवायला नको होतं, फुलल्यावर काय होतं ते आधी सांगायला हवं होतं, चूक माझी, परवानगी काढून मी स्वतः झाड काढून देईन. खाली सही. वर्षभर मी ज्यासाठी झगडत होते ते सगळं त्या सहा ओळींत होतं. मी पेन घेतलं, तेवढ्यात पलंगावरून हे म्हणाले, "आण इकडे. साक्षीदाराचा शेरा राहिला."

संयुक्त पाहणीत शेरा असतो, ते खरंच. मी कागद मांडीवर दिला. ह्यांनी सावकाश, ऑफिसच्या वळणदार अक्षरात, मराठीत लिहिलं. "पहिला ऑक्टोबर यांच्या सल्ल्यामुळे. दुसरा माझ्या बायकोमुळे." तारीख घातली, सही केली आणि कागद सल्लागाराकडे दिला.

त्याने तो अडखळत वाचला. पहिलं वाक्य त्याला कळलं, मान हलवली. दुसऱ्यावर थांबला. नात खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ह्यांनी डोळे मिटले होते.

"माताजी, ये 'बायको' कौन हैं?"

"मैं," मी म्हटलं, आणि दोन्ही वाक्यांच्या खाली सही केली.