पाणी सोडण्याच्या पाळ्या

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी जायचं, ती पाळी ते सांभाळायचे. मी रसायनशास्त्र शिकले आणि आता कोलकात्यात पाणी तपासते. नोकरी बदलीची, राहणं बालीगंजला.

बाजारात मी जिच्याकडून भाजी घेते, तिला मासी म्हणते. आपली मावशी, तशी इकडची मासी. तिचं शेत शहराच्या पूर्वेला, जिथे नजर जाईल तिकडे पाणीच पाणी आहे तिथे. तिच्या सासऱ्याच्या काळी लोकांनी एका मोठ्या तळ्यात बांध घातला, एक बाजू उपसून कोरडी केली आणि भाज्या लावल्या. उरलेल्या बाजूला मासे पाळतात. बांधात एक मोरी आहे. शेतातलं जादा पाणी तिच्यातून तळ्यात जातं.

मी काय काम करते ते कळल्यावर एका सकाळी मासीने माझी पिशवीच धरून ठेवली.

"दिदी, आमच्या तळ्याचं पाणी तपास. मासेवाले म्हणतात, आमच्या शेतांमुळे मासे मरतात. मोरी बुजवणार म्हणे. मोरी बुजली तर पावसाचं पाणी शेतातच राहणार. मग फ्लॉवर कुठे लावू? डोक्यावर?"

"तपासते. पण जे निघेल ते सांगेन हं."

"सांग की! आमचं काही नाहीच त्यात."

साहेबांची परवानगी काढली आणि रविवारी गेले. दुर्गापूजा नुकतीच संपली होती, फ्लॉवरची रोपं लावायचे दिवस. शेतात साचलेलं पाणी उपसायला जिकडे तिकडे पंप धडधडत होते आणि मोरीतून कोऱ्या चहासारखं पाणी तळ्यात पडत होतं. तिथलं तळं हिरवंगार, शेवाळाचं. पलीकडच्या काठाला बरंच निवळ. मासेवाल्यांचा म्हातारा पुढारी बांधावर बसला होता. म्हणाला, "पहाटे या. मासे तोंड वर काढून हवा मागतात, ते बघा."

मी दोन्हीकडचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. जे वाटलं होतं तेच निघालं.

मासीला बाजारात सांगितलं, "पाणी तुमच्याच शेतांनी बिघडतंय."

तिने तराजू खाली ठेवला. "एवढं शिकून हेच सांगायला आलीस?"

"एवढं शिकले म्हणूनच सांगतेय."

तळ्याच्या बुडाची काळी माती म्हणजे वर्षानुवर्षं कुजलेलं गवत आणि पानं. पाण्याखाली होती तोवर ती गप्प होती. उपसून, नांगरून तिला हवा लागली की तिच्यातलं खत सुटायला लागतं, आणि वर हे लोक पोत्यातलं टाकतात ते वेगळं. सगळं पाण्याबरोबर तळ्यात जातं, शेवाळ माजतं आणि रात्रीत पाण्यातली हवा संपते. मासीने हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. रोज चार मिरच्या वर टाकायची, त्या दिवशी नाही टाकल्या.

मला वाईट वाटलं. खोटं बोलले नाही याचं नव्हे. खरं सांगून तिला तसंच सोडून आले, याचं. रात्री जेवताना वडिलांना फोन लावला.

ते हसायलाच लागले. "पाणी सोडायला भांडतात? आपल्याकडे घ्यायला डोकी फुटायची!"

"हसू नका हो अण्णा. सगळे एकदम पंप लावतात."

"मग पाळी लावा की! घेताना पाळी चालते, तर सोडताना का नाही? आणि पाणी थेट तळ्यात कशाला? आधी कुठंतरी थांबू दे, बसू दे गाळ."

पुढच्या रविवारी बांधावर शेतकरी आणि मासेवाले समोरासमोर बसले. मी मोडक्या बंगालीत सांगितलं: एकेका शेताने पाळीने पाणी सोडायचं, ते मोरीजवळच्या सखल तुकड्यात साठवायचं, तिथे पाणवनस्पती वाढू द्यायच्या. त्या खत खातील. मग उरलेलं पाणी तळ्यात.

म्हातारा म्हणाला, "दिदी, वनस्पती काय आज लावल्या आणि उद्या मोठ्या झाल्या?"

"नाही. एक हिवाळा धीर धरा. नाही जमलं तर मोरी बुजवा. मी मधे पडणार नाही."

"आणि सखल तुकडा कुणाचा?"

तुकडा मासीचा होता, तिच्या शेताचा खालचा अर्धा भाग. ती उठून तिकडे बघत उभी राहिली. मी मुद्दामच तोंड उघडलं नाही. ती जमीन माझी नव्हती.

"कोलमी लावीन," ती शेवटी म्हणाली. कोलमी म्हणजे आपली नाळीची भाजी, पाण्यातच पसरते. "पण ती मीच विकणार. बाजारात दुसऱ्या कुणी कोलमी आणली तर त्याचा पंप तोडीन. आणि पाळी मी ठरवणार. माझ्या दारातून जायचंय पाणी."

"ही तर जमीनदारीण झाली," कुणीतरी म्हणालं.

"झाले! नमस्कार करा."

म्हाताराही हसला. मोरी त्या वर्षी उघडी राहिली.

यंदाच्या पूजेनंतर मी पुन्हा गेले, या वेळी पहाटे. एका वेळी एकच पंप चालू होता. कोलमीत पाणी थांबत होतं आणि मोरीतून पडताना फिकट दिसत होतं. तळं काही आरसा झालेलं नाही. मोरीजवळ हिरवट झाक आहेच, आणि बाटलीतही थोडं खत निघालं. म्हाताऱ्याला मी तसंच सांगितलं.

"थोडं चालतं," तो म्हणाला. "मासे खालीच आहेत ना."

मी पाण्याकडे पाहिलं. कुठेही तोंड वर नव्हतं. पलीकडे वरच्या अर्ध्या शेतात मासी फ्लॉवरची रोपं लावत होती आणि शेजाऱ्यावर ओरडत होती, "पंप बंद कर! तुझी पाळी उद्या!"