बग्गीकाकांचा चढ

दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळ. हजर : अध्यक्ष सावंत, सेक्रेटरी म्हणून मी आणि बग्गीकाका. विषय एकच : सोसायटीची बॅटरीवर चालणारी बग्गी ठेवायची की विकायची. बैठक ऑफिसात ठरली होती, झाली बग्गीत. कारण बग्गीकाका कुठलीही तक्रार उभ्याने ऐकून घेत नसत. "आधी बसा, मग बोला," म्हणायचे आणि गाडी चालू करायचे. तक्रार लिफ्टची असो, पाण्याची असो, ती एक फेरी मारूनच ऐकली जायची. गेट येईपर्यंत निम्म्या माणसांचा राग उतरलेला असे. उरलेल्यांना ते पुन्हा वर न्यायचे.

आमची सोसायटी ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी. गेटपासून मागच्या इमारतीपर्यंत चांगलाच चढ आहे. काका त्या मागच्या इमारतीत राहायचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. खुब्याचं हाड मोडल्यापासून काकू वॉकर घेऊन चालतात. गेटजवळच्या बागेत संध्याकाळी बायका जमतात, तिथे काकू बग्गीने यायच्या, बग्गीने जायच्या. बग्गी घ्यायचा ठराव काकांनीच आणला होता, चालवायचं कामही त्यांनी स्वतःहून घेतलं होतं. विकण्याची गोष्ट निघाली तेव्हा मला एवढंच म्हणाले, "सेक्रेटरीबाई, ही गाडी गेली तर आमची ही बाल्कनीतच बसून राहील. तुम्हीच बघा काय ते."

बिघाड वेगाचा होता. पेडल हळू दाबलं तर गाडी जागची हलत नसे. आणखी थोडं दाबलं की एकदम उसळी मारून पुढे जायची. अशाच एका उसळीत सावंतांच्या आई सीटवरून घसरता घसरता राहिल्या. सावंत भडकले. "काका, ही बग्गी आहे की शर्यतीतला बैल?"

"बैल बरा हो," काका म्हणाले. "ओरडलं तर थांबतो तरी."

दुरुस्तीत त्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन बदलल्या की कशाने बरं झालं ते देवालाही सांगता येत नाही." आधी त्यांना बॅटऱ्यांचा संशय आला. पाणी भरलं, जोडण्या घासून घट्ट केल्या, रात्रभर चार्जिंग केलं. उसळी तशीच. मग ब्रेक धरून ठेवतोय असं वाटलं. चाकं उघडली, साफ केली, बसवली. उसळी तशीच. दोन्ही वेळा त्यांनी हात पुसले आणि बातमी द्यावी तसं सांगितलं, "हेही नाही." कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलरच बदला म्हणाला. सावंत म्हणाले, त्यापेक्षा विकून टाकू. काकांनी त्या रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

तर त्या रविवारी आम्हाला गेटपर्यंत फिरवून, सावंतांचं सगळं ऐकून घेऊन काकांनी गाडी शेडमध्ये आणली. मागची चाकं जॅकवर उचलली, म्हणजे फिरली तरी गाडी पळणार नाही. मला खाली बसवून पेडल हाताने दाबायला सांगितलं. "हळू. लोणी दाबल्यासारखं." पेडल किती दाबलंय ते कंट्रोलरला कळवणारा एक सेन्सर असतो, त्याच्या तारांना त्यांनी मीटर लावला होता. आकडा सावकाश चढायला हवा होता. तो थिजून राहिला आणि एकदम वर गेला.

"सापडलं," काका म्हणाले. पेडलखालचा डबा उघडला. आत तारांच्या जोडणीवर हिरवट खार धरला होता आणि कोपऱ्यात नारळाच्या शेंडीचे दोन धागे चिकटले होते.

दसऱ्याला बग्गीला हार घातला होता, हळदकुंकू लावलं होतं आणि पेडलच्या शेजारीच नारळ फोडला होता. सावंतांनी मुद्दाम विचारलं, "काका, नारळ कोणी फोडला होता हो?"

"मीच की. वर तिला सांगितलंसुद्धा, माणसांना सांभाळून ने म्हणून. पाणी प्यायली, पण ऐकलं नाही."

सावंत इतके हसले की विकण्याचा विषय तिथेच मिटला. सेन्सर आणि जोडणी नवी आणली. बग्गी चढावर न उसळता चढली. काका घरी गेले आणि काकूंना चपला घालायला लावल्या. पुढच्या बैठकीत ठरावही त्यांनीच मांडला : यापुढे नारळ चाकासमोर, रस्त्यावर फोडावा. मी तो लिहून घेतला.

जुलैत काका गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. मी डॉक्टरांना बोलावलं, दाखला घेतला, ठाकुर्लीच्या त्यांच्या मुलीला फोन केला, ती येईपर्यंत काकूंजवळ बसले. मग पुढची कामं. शोकसभेच्या खुर्च्या. बग्गीची चावी गेटवरच्या पाटलांकडे. काकांच्या नियमाप्रमाणे दर महिन्याला बॅटरीचं पाणी, जोडण्या, ब्रेक. गाडी उत्तम चालते. कुणाची तक्रार नाही.

मुलगी काकूंना ठाकुर्लीला न्यायला तयार होती. त्या नाही म्हणाल्या. बागेत मात्र त्या आलेल्या नाहीत. मी वर जाऊन म्हटलं, "काकू, बग्गी खाली उभी आहे. चला."

"चालवतंय कोण?"

"पाटील."

"मग उद्या बघू गं."

परवा गेले, तेव्हाही हेच. काल मला जमलं नाही. या आठवड्याची बाकी सगळी कामं उरकली आहेत. टाकी धुऊन झाली, लिफ्टचा करार झाला, दसऱ्याचे हार सांगून झाले. काकूंना खाली आणायचं राहिलं आहे.