शंभर घातले तर

त्या वर्षी माझं सगळं एका शेऱ्यावर अडकलं होतं. महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी अकोल्याला मुलींच्या मिडल स्कूलमध्ये हंगामी शिक्षिका होते आणि थंडीत तपासणीला येणारे साहेब माझा पाठ बघून शेरा लिहिणार होते. शेरा चांगला आला तर नोकरी कायम. नाही तर उन्हाळ्यात बिऱ्हाड आवरून अमरावतीला परत, आणि तिथे काकांनी मोर्शीचं एक स्थळ माझ्यासाठी धरून ठेवलं होतं. बिजवर, संत्र्यांची बाग, दोन मुलं. वडील भिक्षुकी करायचे आणि घरात शब्द चालायचा काकांचा. एकदा चिडून ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नोकरी कायम झाली तर मी या विषयात तोंड उघडणार नाही." तो शब्द मी घट्ट धरून बसले होते. मोर्शीचा माणूस भला असेलही. मला तो बघायचाच नव्हता.

सातवीला मी गणित शिकवायचे. मुली पाढ्यांत पक्क्या होत्या. पावकी म्हणा, दिडकी म्हणा, मध्येच उठवून विचारलं तरी धडाधडा म्हणायच्या. पण हे असं कसं आलं, असं विचारलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहायचा आणि माझं डोकं फिरायचं. मी आजही रागीट आहे, तेव्हा तर नाकावरच राग असे.

एक दिवस वैतागून मी खडूचं रिकामं खोकं घेतलं, त्याला दोन बाजूंनी फटी पाडल्या आणि वर शाईने लिहिलं, "जिन". अकोल्याच्या पोरींना जिन काय ते सांगावं लागत नाही. कापूस एकीकडून आत जातो, रुई आणि सरकी वेगळी होऊन बाहेर पडते, हे त्या पाळण्यापासून बघत आलेल्या. आमच्या जिनमध्ये एका फटीतून आकड्याची चिठ्ठी आत टाकायची, दुसऱ्या फटीतून मी दुसऱ्या आकड्याची चिठ्ठी बाहेर काढायची. फळ्यावर दोन रकाने, आत आणि बाहेर. आत काय गेलं ते दिसतं, बाहेर काय आलं ते दिसतं, मधे खोक्यात काय झालं ते ओळखा. पोरींना हे फार आवडलं. तास संपला तरी चिठ्ठ्या घेऊन टेबलाभोवती गर्दी करायच्या.

हे मोठ्या बाईंच्या कानावर गेलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, पुण्याकडच्या. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेबांना हाच पाठ दाखवा. पण प्रयोग नकोत. एकच तक्ता घ्या आणि घोटून घ्या."

मग एकच तक्ता आला. एक घातला की चार, दोन घातले की सात, तीनाचे दहा, चाराचे तेरा, असं दहापर्यंत. रोज एक तास तोच. आणि आमच्या पोरींनी जे करायला नको होतं तेच केलं, त्या तक्त्याचा पाढा करून टाकला. "एक चार, दोन सात, तीन दहा, चार तेरा," अशी चाल लावून, डोलत, थेट "दहा एकतीस"पर्यंत. प्रत्येक वेळी तीन वाढतात एवढं त्यांना कळलं होतं आणि तेवढ्यावर त्या खूश होत्या. खोक्याकडे कुणी बघेना. मी हात चोळत ऐकत होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, मला ते सहन झालं नाही. पाढा अर्ध्यावर तोडून मी ओरडले, "आणि शंभर घातले तर?"

तेवढ्यात घंटा झाली.

घंटेनंतर मोठ्या बाईंनी प्रत्येक वर्गातल्या तीन कच्च्या मुलींना आपल्या खोलीत बोलावलं. तपासणीला ढ मुली घरी ठेवायच्या ही तेव्हाची सगळीकडची रीत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. माझ्या वर्गातल्या तिघींत शेवटच्या बाकावरची एक होती. तिचा बाप कापसाच्या जिनमध्ये रोजीने जायचा. छप्पन साली बौद्ध झालेलं घर, पोरीला शिकवायचंच हा बापाचा हट्ट; पण कापूस वेचणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस शेतात, त्यामुळे ही कितीतरी दिवस शाळेत नव्हती आणि सहामाहीत गणितात आपटली होती. आमचा पाढाही तिने निम्माच ऐकला होता.

"उद्या तुम्ही येऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काहून?" तिने विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीत काहून लागायचं.

मोठ्या बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. मुली गेल्यावर मी म्हटलं, "मागे बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

"तुमचं बिघडलं असतं," त्या म्हणाल्या. "कायम व्हायचंय ना?"

मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण बाई बोलत होत्या ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले तर शेवटच्या बाकावरची ती आलेली. तेल लावून वेण्या घट्ट बांधलेल्या, आपल्या जागेवर बसलेली. परत जा म्हणायला वेळच नव्हता, साहेब शेजारच्या वर्गात पोचले होते. मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं लिहिलं: पट ३६, हजर ३४.

साहेब आले. बंद गळ्याचा कोट, हळू आवाज. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. मागोमाग मोठ्या बाई. त्यांची नजर शेवटच्या बाकावर गेली आणि तिथून माझ्याकडे आली. मी तक्ता मांडला, चिठ्ठ्या टाकल्या, पोरींनी घोटल्याप्रमाणे उत्तरं दिली. चाल लावली नाही एवढीच कृपा. दहापर्यंत सगळं सुरळीत झालं.

"छान," साहेब म्हणाले. "आता शंभर घाला."

पहिल्या बाकावरची आमची सगळ्यांत हुशार मुलगी उठली. "दहाचे एकतीस, म्हणून शंभराचे तीनशे दहा."

साहेब हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "आणखी कोणी?"

पहिले बाक मान खाली घालून मनात तीन-तीन मिळवत चढत होते, शंभरापर्यंत पोचायला त्यांना दुपार झाली असती. आणि मागे एकच हात वर होता. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघून मान अगदी किंचित हलवली, नाही म्हणून. शेरा, काका, मोर्शी, सगळं एकदम डोक्यात येऊन गेलं. तिचंही चुकलं तर साहेबांना वर्ग कच्चा दिसणार, आणि बरोबर आलं तरी मोठ्या बाई मला सोडणार नव्हत्या. पण तो हात खाली येत नव्हता.

"सांग," मी म्हटलं.

"तीनशे एक."

"कसे?" साहेबांनी विचारलं.

"तिनानं गुना, मंग एक टाका. खाली खाली नाई पाहाचं साहेब, आडवं पाहाचं. आतून बाहेर."

"आणि बाहेर शंभर आले तर आत काय घातलं होतं?"

ती थांबली. ओठ हलत होते.

"तेहेतीस. एक काढा, मंग तिनानं भागा."

साहेबांनी खडू उचलला. मला वाटलं आणखी एक तक्ता देतात, आणि तो तक्ताच होता. आत, बाहेर असं न लिहिता त्यांनी पट, हजर असं लिहिलं. खाली, आधी बघून आलेल्या वर्गांच्या फळ्यांवरचे आकडे: पाचवीचे ४१ आणि ३८. सहावीचे ३९ आणि ३६. शेवटी आमच्या फळ्याच्या कोपऱ्यातले ३६ आणि ३४.

"नियम सांगा," ते वर्गाला म्हणाले.

"तीन वजा करा," पोरी एका सुरात म्हणाल्या, आणि शेवटच्या ओळीपाशी अडखळल्या. पहिल्या बाकावरची म्हणाली, "इथं चुकलं. तेहेतीस पाहिजे होते."

"हो ना. इथे नियम कुणी मोडला?" साहेब मोठ्या बाईंकडे बघत होते. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं असतं तर मी काय बोलले असते, मला माहीत नाही.

"मी मोडला," मागून आवाज आला. "मले आज येऊ नोको म्हनलं होतं. मी आली."

"काहून आली मंग?" साहेब एकदम वऱ्हाडीत म्हणाले.

"काल बाईनं इचारलं होतं, शंभर घातले तं काय होईन. मले घरी जाता जाता सापडलं. आज नसती आली तं बाईले कोनं सांगितलं असतं?"

मला रडू आवरेना. मी फळ्याकडे तोंड केलं आणि जे पुसायची गरज नव्हती ते पुसत राहिले.

साहेब मोठ्या बाईंना घेऊन बाहेर गेले. काय बोलले ते कळलं नाही. जाताना त्यांनी शेरा मोठ्या बाईंच्याच हातात दिला. त्यांनी तो मला दाखवला नाही, आणि उन्हाळ्यापर्यंत माझ्याशी कामापुरतंही धड बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र आमच्या शाळेतून तपासणीच्या दिवशी कुणाला घरी ठेवलं गेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना कायमची ऑर्डर अमरावतीच्या पत्त्यावर आली. काकांनी ती चष्मा लावून वाचली, माझ्याकडे सरकवली आणि जेवायला बसले. शब्दाचे पक्के होते. मोर्शीचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही.

मी पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. ती पोरगी त्या दिवशी सांगितल्याप्रमाणे घरी बसली असती, तर मी मोर्शीला असते.