पार्सलवाल्याचा सत्कार

गेल्या वर्षी वसुबारसेला दुपारी चार वाजता नगरमधल्या आमच्या सोसायटीने दोघांचा सत्कार ठेवला होता. एक आमचा पोस्टमन, दुसरा रोज पार्सलं आणून देणारा माणूस. प्रमुख पाहुणे उशिरा आल्यामुळे सत्कार अंधार पडल्यावर झाला.

त्याआधी दिवाळीची पोस्त ज्याने त्याने आपापल्या दारात द्यायची, अशी पद्धत होती. कोणी चिवड्याची पिशवी देई, कोणी शर्टपीस, कोणी ऑफिसात मिळालेला सोनपापडीचा पुडा न उघडता पुढे सरकवी. सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, माणसाला दारात उभं करून हातावर काहीतरी ठेवणं बरं दिसत नाही, त्यांचा सन्मान झाला पाहिजे. ठराव एकमताने मंजूर झाला. घरोघरच्या पोस्तीपेक्षा दोन शाली स्वस्त पडतात, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

पार्सलवाला पाथर्डी तालुक्यातला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्याची सहा वर्षांची मुलगी गावी त्यांच्याजवळ असे. त्या वर्षी त्याला नगरमध्ये खोली मिळाली होती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीचं नाव इथल्या शाळेत घालायचं ठरलं होतं. आईवडिलांना साखर कारखान्यावर नेणारा टोळीचा ट्रक त्याच संध्याकाळी गावातून निघणार होता. बायको कंपनीत पाळीवर होती, म्हणून मुलीला आणायला त्यालाच जायचं होतं. सकाळपासून पळापळ करून त्याने पार्सलं संपवली होती आणि चारला तो मांडवात हजर होता.

पाहुणे म्हणजे माजी नगरसेवक. त्यांचा त्या दिवशीचा हा चौथा कार्यक्रम होता.

पाचला पार्सलवाला उठून अध्यक्षांकडे गेला.

"काका, मला गावाला निघायचंय. ट्रक सुटायच्या आत पोरीला आनायचीये. मुकादम थांबत न्हाई कुनासाठी."

"पाहुणे निघालेत. दहा मिनिटं."

"मग नारळ आत्ताच द्या की. फोटो काढा, मी जातो."

"अरे, पाहुण्यांच्या हस्ते आहे ते! आणि सत्कारमूर्तीच निघून गेला तर सत्कार काय खुर्चीचा करू?"

मागून एक वहिनी म्हणाल्या, "दादा, आमच्या पार्सलासारखं पाहुण्यांनाही तुम्हीच उचलून आणा ना. तेवढंच वेळेवर येतील."

सगळे हसले. तोही हसला आणि जागेवर जाऊन बसला. सरळ उठून जाणं त्याला परवडणारं नव्हतं. प्रत्येक पार्सलानंतर मोबाईलवर त्याला तारे देणारी माणसं समोर रांगेने बसली होती.

पोस्टमन निवृत्तीला आलेला. असले सत्कार त्याने पुष्कळ पाहिले होते. मी मागच्याच खुर्चीत होतो, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकू आलं.

"बस रे. हार घातल्याबिगर ही लोकं सोडत न्हाईत."

"तात्या, म्हातारी चार येळा फोन करून ऱ्हायली."

"मग सांग तिला, पोराचा मोठा मान होऊन ऱ्हायलाय."

पाहुणे आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्यांनी उशिराबद्दल क्षमा मागितली आणि वेळेचं महत्त्व या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. ऊन असो, पाऊस असो, ही माणसं आपल्याला एक मिनिटही ताटकळत ठेवत नाहीत, असं ते म्हणाले. या वाक्याला टाळ्या पडल्या. भाषण चालू असताना पार्सलवाल्याचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा अध्यक्षांनी ओठांवर बोट ठेवलं, तेव्हा त्याने फोन बंद केला.

मग शाल घातली, नारळ दिला. फोटोत नारळ नीट आला नाही, म्हणून तो परत घेऊन पुन्हा दिला. पार्सलवाला शाल पार्सलाच्या रिकाम्या पिशवीत कोंबून मोटारसायकलवर निघाला. चहा मागे राहिला. पाथर्डीच्या अलीकडे करंजीचा घाट आहे, दिवाळीची वाहनांची गर्दी होती.

पुढची माहिती पोस्टमनने दिली आणि नंतर पार्सलवाल्याच्या बायकोकडूनही तीच कळली. तो पोहोचला तेव्हा घराला कुलूप होतं. म्हातारीने मुकादमाला अर्धा तास थोपवून धरलं होतं. मुलाचा फोन लागेना, एवढ्याशा पोरीला कोणाच्या दारात सोडायचं, म्हणून तिने नातीला बरोबर घेतलं. शेजारणीने त्याला एवढंच सांगितलं, "लई वाट बघितली रे तुजी."

दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध पाहुणे होते, कडेला अर्धा पोस्टमन. बातमीत उपक्रमाचं सर्वत्र कौतुक होत असल्याचं म्हटलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या त्या सोमवारी आमच्याकडे पार्सल घेऊन दुसराच माणूस आला. नेहमीचा कुठे आहे, असं विचारलं.

"ते व्हय? कारखान्यावर गेल्यात," तो म्हणाला. "पोरीला आनायला."