तसबिरीतली शिळी शेवंती

निजामाच्या अमलात मी परंड्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो. तिथं एक म्हातारा फुलारी रोज हार घेऊन यायचा. खांद्यावर फुलांचं ओलं गाठोडं असायचं आणि बोलतानाही त्याची बोटं दोरा ओवल्यासारखी हलत राहायची. जाताना तो भिंतीवरच्या तैलचित्रापुढं थांबायचा. रंगाचे जाड थर देऊन काढलेली ती फुलदाणी आम्ही सगळे समोरून बघायचो. हा बाजूला सरकून, मान तिरपी करून बघायचा.

एकदा मला म्हणाला, "सायब, ही फुलं एका दिवसाची न्हाईत. वरचा गुलाब पयल्या रोजचा हाय. खालची शेवंती तिसऱ्या रोजची, बासी. चितारी रंगवत बसला अन् फुलं मरत गेली."

मी हसलो आणि कचेरीभर सांगितलं. मग जो तो त्याला विचारायचा, "काय चाचा, तसबिरीला पाणी घातलं का?" तो तरीही रोज तिथं थांबायचा.

पुढं जिल्ह्याचे अव्वल तालुकदार, म्हणजे कलेक्टरच, दौऱ्यावर आले आणि त्या चित्रापाशी रेंगाळले. मी पुढं होऊन गुलाब दाखवला, शेवंती दाखवली, फुलं कशी मरत गेली ते सांगितलं. शब्दन् शब्द चाचाचा होता.

"तुमची नजर बारीक आहे," साहेब म्हणाले.

वळलो तर साहेबांसाठीचा हार घेऊन चाचा दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझी मान वर होईना.

हार माझ्या हातात देत तो हळूच म्हणाला, "बरं झालं सायब, तुमालाबी दिसली."

तो खरोखरच खूश झाला होता. मला मात्र ती शेवंती अजूनही ताजीच दिसत होती.