कडब्यावरचा फ्लेक्स
ऊन लागलं की नव्या फ्लेक्सला उग्र, रबरी वास सुटतो. काल बोरगावच्या स्टँडवर तो नाकात गेला आणि मला ती दुपार आठवली. बेळगावला कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला असताना बंगळूरच्या एका कंपनीनं मला निवडलं, तेव्हा थोरल्या काकांनी याच स्टँडवर हौसेनं माझा फ्लेक्स लावला होता. मधोमध उसना कोट घातलेला मी, कोपऱ्यात हात जोडलेले काका. रुजू व्हायची तारीख पुढं पुढं गेली आणि उन्हाळ्यात मेल आला, निवड रद्द. त्याच दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं. परड्यात शाळवाचा कडबा उघडा पडला होता. काका तडक स्टँडवर गेले, फ्लेक्स सोडवून आणला आणि गंजीवर पसरला. वाऱ्यानं तो फडफडायला लागला, तसा त्यांनी मलाच दगड आणायला लावला. "तुझ्या तोंडावर ठेव की," ते म्हणाले, "कोपऱ्यात नको, तितं मी हाय." मी ठेवला. आई दारातनं बघत होती. आता मी संकेश्वरात झेरॉक्सच्या दुकानात बसतो. माझा फ्लेक्स बघून कॉम्प्युटरला गेलेल्या शेजारच्या पोराचीही निवड झालीय; काल त्याचाच फ्लेक्स चढत होता. काकांनी त्याची कड अंगठ्यानं चोळून बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "जाड हाय रं. ह्यो कडब्यावर दोन पावसाळं काढंल."